हॉल घ्या, डेक करून देतो

पंतनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले आणि घाटकोपर पूर्वेच्या मध्यमवर्गाला आयुष्यात पहिल्यांदा डेक मिळाला. जुन्या घरात गॅलरी होती. तिथे कपडे वाळायचे, मिरच्या वाळायच्या, दहावीचा मुलगा अभ्यासाला बसायचा आणि आजोबा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे. नव्या घराच्या माहितीपत्रकात त्या जागी एक तरुणी हातात मग धरून सूर्यास्त पाहत होती. सूर्यास्त माहितीपत्रकातच राहिला. प्रत्यक्षात डेकवर उभं राहिलं की समोरच्या टॉवरमध्ये आज कसली भाजी आहे ते कळतं, आणि त्यांनाही आपली कळते.

तरी डेकला कमी लेखू नये. एके काळी बाल्कनी, फ्लॉवरबेड वगैरे मंडळी चटईक्षेत्राच्या हिशेबात धरली जात नसत. बिल्डर ती ‘फुकट’ दाखवत आणि पैसे लावून विकत. 2012 च्या जानेवारीत, सुबोधकुमार महापालिका आयुक्त असताना, नियमावली बदलली. हे सगळं मोजणीत आलं आणि बदल्यात घरांसाठी 35 टक्के फंजिबल चटईक्षेत्र मिळालं. थोडक्यात, पंतनगरच्या नव्या डेकचा प्रत्येक चौरस फूट कुणीतरी टेप लावून, सही-शिक्क्यानिशी मोजलेला आहे. एवढ्या भारी जागेवर बनियन वाळत घालायला मन धजत नाही. मग माणूस तिथे लाकूड बसवतो.

लाकडाची कल्पना सहसा अमेरिकेतून येते. आमच्याकडे ती न्यू जर्सीतल्या मेव्हण्याकडून आली. त्याच्या घरामागे हॉलएवढा डेक आहे आणि दर दोन-तीन उन्हाळ्यांनी तो त्याला स्वतःच्या हातांनी रंग देतो. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुतो, मग होम डेपोतून आणलेला डबा उघडतो आणि हाफ पॅण्टवर, गुडघे टेकून, शनिवार-रविवार ब्रश चालवतो. फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. पहिल्यांदा आले तेव्हा डोंबिवलीहून त्याच्या आईचा रात्री साडेअकराला फोन गेला, “अरे, नोकरी आहे ना?”

तो फोन समजून घेण्यासारखा आहे. तिकडे स्वतःच्या घराला स्वतः रंग देणं हा छंद. घाटकोपरात एखादा बँक मॅनेजर हातात ब्रश घेऊन डेकवर बसला, तर तासाभरात तीन गोष्टी घडतील. वॉचमन विचारेल, “पेंटरची एण्ट्री कुठाय?” समोरच्या टॉवरमधून कुणीतरी मजुरीचा दर विचारेल. आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर होईल की यांनी व्हीआरएस घेतली. पुन्हा, आपल्याकडे पेंटर ही साधीसुधी पदवी कधीच नव्हती. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले आणि त्याच नावानं मराठी सिनेमाच्या इतिहासात जाऊन बसले. जे आडनाव कमवावं लागतं ते आपण दोन सुट्ट्यांत कसं लावणार?

तर पेंटर आणायचा. इथे पंचांग आडवं येतं.

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून आणि निघण्याची 8 ऑक्टोबर. मधल्या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 2200 मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी. त्यात उघड्यावरच्या लाकडाला हात लावायची सोय नाही, कारण लाकूड आतून ओलं असताना वरून पॉलिश मारलं की ते फुगतं, पांढरं पडतं आणि पापुद्रे सोडतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन येतं. पण दिवाळी कधी कधी विसाव्या तारखेलाच दारात उभी असते. त्या दहा-बारा दिवसांत मुलुंडपासून चेंबूरपर्यंत प्रत्येक घराला रंग हवा असतो. दिवाळी उरकली की पेंटरची बिहारकडची पोरं छठपूजेला गावी जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा लाकडासाठी खरा सोन्यासारखा काळ, हवा कोरडी, ऊन बेताचं, पण तेव्हा घरातूनच आवाज येतो, “दिवाळी झाली की आता, कुणाला दाखवायचंय?” एप्रिल-मे मध्ये पुन्हा उत्साह येतो. तेव्हा उन्हानं पॉलिश ब्रशवरच सुकायला लागतं आणि पोरं लग्नसराईसाठी गावाला. मग येतो 11 जून. लाकडाचं वय याच हिशेबानं वाढत जातं.

पेंटर सापडतो रंगाच्या दुकानात. एलबीएस मार्गावर काय किंवा स्टेशनच्या आसपास काय, हार्डवेअरची दुकानं खच्चून आहेत. गल्ल्यावरचा शेठ म्हणजे वधू-वर सूचक मंडळ. समोरच्याचे बूट, पिशवी आणि बोलण्याची ढब पाहून तो ठरवतो की या पार्टीला कोणतं स्थळ झेपेल. “पूर्वेला का पश्चिमेला? टॉवर का जुनी बिल्डिंग? राहतं घर का रिकामं?” तीन उत्तरं मिळाली की ड्रॉवरमधून कार्ड निघतं. कार्डावर एका बाजूला देवाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला ‘सर्व प्रकारची कामे’ अशी यादी असते : रंगकाम, पॉलिश, वॉटरप्रूफिंग, पीओपी, टेक्श्चर, आणि सर्वांत खाली, जागा उरली म्हणून, पेस्ट कंट्रोल.

मुकादम येतात तेव्हा त्यांच्याबरोबर काहीही नसतं. ब्रश नाही, टेप नाही, कागद नाही. भटवाडीत राहणारे, मूळचे पाटण तालुक्यातले, बोलायला गोड गृहस्थ. चहा घेऊन ते डेकवर गेले, लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, नखानं थोडं खरवडलं, खाली वाकून फटीत पाहिलं. मग जगातल्या समस्त पेंटरांनी आजवर ज्या प्रश्नानं सुरुवात केली तो प्रश्न विचारला.

“आधी कुणी केलंय हे?”

या प्रश्नाला योग्य उत्तर नसतं. नाव सांगितलं तरी मान हलते, नाही सांगितलं तरी हलते. आधीच्या माणसानं प्रायमर मारलेला नसतो, किंवा मारायला नको होता तिथे मारलेला असतो. पुढे कधीतरी हेच मुकादम ज्या घरातून जातील, तिथे येणारा नवा माणूस हेच विचारणार आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. धंद्याची रीत आहे, तिच्यात वैर नाही.

नंतर ते डेकवरून हॉलमध्ये आले आणि छताकडे बघत राहिले. बराच वेळ. अशा वेळी घरमालकानं चुकूनही छताकडे बघू नये. बघितलं की आजवर न दिसलेली चीर दिसते.

“डेक किरकोळ काम आहे, साहेब. एवढ्याला पोरगा पाठवला तर त्याचा रोजसुद्धा सुटत नाही. असं करू, हॉल घ्या, डेक करून देतो.”

मुंबईतल्या रंगकामाचं अख्खं अर्थशास्त्र या वाक्यात बसलेलं आहे. किरकोळ काम कुणाला नको असतं. दरवाज्याची एक बाजू, खिडकीची चौकट, डेकच्या पट्ट्या, यांच्यासाठी नाक्यावरचा माणूससुद्धा अर्धा दिवस द्यायला तयार नसतो, कारण अर्ध्या दिवसानं त्याचा उरलेला अर्धा मरतो. म्हणून छोट्या कामाला मोठं काम जोडावं लागतं. हॉल काढला की पॅसेज उघडा पडतो, पॅसेज केला की बेडरूम विटलेली वाटते. मुकादम घाई करत नाहीत. ते फक्त जिथे हॉलचा नवा रंग संपणार तिथे बोट ठेवून विचारतात, “इथे कापू?” कापू म्हणायची हिंमत असलेली गृहिणी अजून जन्माला यायची आहे. हिनं बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही बेडरूम गेल्या.

हिशेब कार्पेटवर होतो. कार्पेट गुणिले साडेतीन, म्हणजे भिंती आणि छत मिळून रंगाचं क्षेत्रफळ. दारं-खिडक्या वजा होतात का, हे विचारल्यास मुकादम दुखावतात. वजा होत नाहीत. कारण कडा सांभाळायला जास्त वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर आहे. सपाट भिंत रोलरनं पोरगाही ओढतो. खिडकीच्या चौकटीला लागून सरळ रेघ मारायला कसबी हात लागतो आणि त्या हाताची मजुरी आपण खिडकीएवढ्या भोकातून वळती करायला बघतो.

मग सामान. इथे बाजारात न शिकवला जाणारा एक धडा आहे. पेंटर अमुकच कंपनीचा रंग का मागतो? टिकतो म्हणून असेल, हात सफाईनं बसतो म्हणून असेल. पण रंगाच्या डब्यात वर्षानुवर्षं टोकन येत आलं आहे. त्यावर रक्कम असते आणि ते पेंटरचं असतं. म्हणूनच सील फोडण्याचा मान तो दुसऱ्याला देत नाही. पूर्वी झाकण उघडल्यावर बोटं रंगात बुडवून टोकन काढायचे. आता कोड मोबाइलवर स्कॅन होतो. घरमालकानं हौसेनं आधीच डबा उघडून ठेवला, तर पेंटरच्या चेहऱ्यावर जी छाया येते ती पुढे भिंतीवर उतरते असं माझं निरीक्षण आहे.

या कंपन्यांचं आणि आपल्या शहराचं नातं जुनं. एशियन पेंट्स 1942 साली मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये चौघांनी सुरू केली. आपल्या शेजारच्या भांडुपला तिचा कारखाना होता. आणि हातात ब्रश आणि डबा घेतलेला, डोळ्यांवर केस आलेला तो व्रात्य गट्टू 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. गट्टूकडे नीट पाहा : अर्धी चड्डी, ठिबकणारा ब्रश आणि चेहऱ्यावर ‘मी नाही केलं’ हा भाव. लक्ष्मण यांनी घरी रंगकाम काढलेलं असणार याबद्दल मला शंका नाही. पुढे कंपनी मोठी झाली, रंगाचं काम ‘सोल्युशन’ झालं आणि गट्टू डब्यांवरून गेला. माझ्या मते तो आमच्या मुकादमांकडे पोरगा म्हणून लागला आहे.

डेकला काय लावायचं हा प्रश्न मात्र मुकादम आणि मी मिळून सोडवू अशी माझी समजूत होती. लिफ्टसमोर पट्ट्यांचा एक तुकडा हातात धरून उभा राहिलो आणि बिल्डिंगच बोलायला लागली.

सातव्या मजल्यावरचे मालवणी काका आयुष्यभर गोदीत नोकरीला होते, पण मन देवगडच्या किनाऱ्यावर. त्यांनी तुकडा हुंगला. “पॉलिश-बिलीश काय नको. आमच्याकडे होडयेक माशाचा तेल लावतत. आत जिरता. काय्येक होना नाय लाकडाक.” यात शास्त्र आहे. कोकणात लाकडी होड्यांना माशाचं तेल पिढ्यान् पिढ्या चोपडलं जातं. पॉलिशचा पापुद्रा लाकडाच्या वर बसतो आणि ऊन-पाण्यानं सुटतो; तेल लाकडात मुरतं, त्याला सुटायला पापुद्राच नसतो. जो उपाय अरबी समुद्रात टिकतो तो पंतनगरच्या डेकवर न टिकायला कारण नाही. कारण एकच होतं, आणि ते भिंतीपलीकडे राहत होतं.

शेजारच्या बा कांदासुद्धा घरात येऊ देत नाहीत. बातमी त्यांच्यापर्यंत लिफ्ट खाली पोहोचण्याआधी पोहोचली. त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि अतिशय मायेनं म्हणाल्या, “भाऊ, तेलच लावायचं तर शेंगदाण्याचं लावा ने. घरात आहे, देऊ का?” यावर काकांचं म्हणणं असं की शेंगदाण्याच्या तेलानं डेक टिकणार नाही, पण मुंग्या टिकतील. ते काजूच्या टरफलाच्या तेलावर तडजोड करायला तयार झाले. कोकणात तेही लाकडाला लावतात. वाळवी जवळ येत नाही. मासा नाही, कांदा नाही, निव्वळ झाडाचं. फक्त ते कातडीला लागलं तर फोड येतात आणि लाकूड काळंकुट्ट होतं, हा तपशील त्यांनी शेवटी आणि हळू आवाजात सांगितला.

मुकादमांनी यावर चपडा पॉलिश सुचवलं. जुनं, घरंदाज, आजीच्या देवघराला हेच असायचं. बा खूश झाल्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक लिफ्टमधून बाहेर पडले. चाळीस वर्षं वर्गात कुणी विचारलं नाही तेही सांगायची सवय असलेला माणूस. “चपडा म्हणजे लाख. लाख म्हणजे किड्यांचा स्राव. एका किलोला हजारो किडे लागतात.” बांनी कानांवर हात ठेवले. वास्तविक चपडा उघड्यावर चालतच नाही. पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग. पण तो फेटाळला गेला अहिंसेच्या मुद्द्यावर.

शेवटी सर्वानुमते पीयू ठरलं. पॉलियुरेथेन. पेट्रोलियमपासून होतं, म्हणजे शुद्ध शाकाहारी. प्राध्यापकांनी पेट्रोलियम कशापासून होतं ते सांगायला तोंड उघडलं. त्यांच्या पत्नीनं पिशवी पुढे करून कोथिंबीर आणायला पाठवलं.

एवढं ठरल्यावर सेक्रेटरी आले. आमच्या सोसायटीत घरात काम काढायचं तर अर्ज, अनामत रक्कम, कामगारांची ओळखपत्रं आणि वेळापत्रक लागतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी काम बंद, डबे फक्त सर्व्हिस लिफ्टनं. आणि डेकचा बाहेरून दिसणारा कोणताही भाग इमारतीच्या रंगाशी विसंगत नको. इमारतीचा रंग कोणता हे ठरवणारी सर्वसाधारण सभा दोनदा तहकूब झालेली आहे, तेव्हा विसंगती कशाशी हे मी विचारलं नाही. पीयूला वास येतो का, असं त्यांनी विचारलं. येतो म्हटल्यावर त्यांनी दुपारी दोन ते चार वासही बंद ठेवायला सांगितलं.

या मधल्या काळात मी मेट्रोनं अंधेरीला जाता-येता खिडकीशी उभा राहायचो. घाटकोपर सोडलं की जागृतीनगर आणि मग असल्फा. तिथे टेकडीवरची वस्ती निळी, पिवळी, गुलाबी, पोपटी दिसते. 2017 च्या अखेरीला ‘चल रंग दे’ नावाच्या संस्थेनं ते काम उभं केलं. देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकारानं शेकडो स्वयंसेवक शनिवार-रविवारी येऊन भिंती रंगवून गेले, रंग स्नोसेमनं दिला. वर्तमानपत्रांनी टेकडीची तुलना इटलीतल्या पोझितानोशी केली. लोक फोटो काढायला आले. त्यावर पत्रे तसेच, नळ तसेच, नुसता रंग फासून काय होतं, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण मला टीकेपेक्षा मत्सर जास्त वाटायचा. अख्खी टेकडी रंगली आणि तिथे कुणी म्हटलं नाही की डोंगर घ्या, भिंत करून देतो. आता त्या रंगांवरही पावसाळे गेले आहेत आणि ते मेट्रोतूनही कळतं. इटलीत 11 जून येत नाही.

काम सुरू झालं ते ठरल्या दिवसानंतर, हे सांगायची गरज नाही. त्या दिवशी मुकादमांचा फोन बंद होता आणि दुसऱ्या दिवशी ‘रेंज नव्हती’. हॉलमधलं सामान मधोमध रचून त्यावर जुन्या चादरी टाकल्या गेल्या. फरशीवर रद्दी पसरली. रंगकामात घरातला कर्ता पुरुष निकामी होतो तो या रद्दीमुळे; प्रत्येक पानावर अर्धी राहिलेली बातमी असते आणि ती वाकून वाचावी लागते. मी दोन वर्षांपूर्वीच्या विधानसभा निकालाचं विश्लेषण इतकं मन लावून वाचत होतो की पोरानं माझ्या पायाभोवती लांबी भरली असती तरी कळलं नसतं. कपाट सरकवल्यावर मागे दोन रिमोट, एक मंगळसूत्राचा मणी आणि सत्यनारायणाच्या पूजेचं न उघडलेलं पाकीट सापडलं. पाकिटावर नाव नव्हतं. आता ते कुणी दिलं आणि आपण त्यांना परत काय दिलं, यावर घरात नवं काम निघालं.

भिंतींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लांबी, घासपेपर, प्रायमर, पुन्हा लांबी, दोन हात. शेड निवडताना झालेल्या चर्चेअंती हॉल पूर्वी ज्या रंगाचा होता त्याच्याच शेजारच्या चौकोनातला रंग आला. फरक फक्त हिला दिसतो, आणि तिला तो सगळ्यांना दिसावासा वाटतो.

डेक मात्र मुकादमांनी स्वतः करायला घेतला, आणि मी रद्दी सोडून तिथे जाऊन बसलो.

आधी त्यांनी पट्ट्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बघत राहिले. थेंब जिथे पटकन जिरला तिथलं जुनं पॉलिश मेलेलं. जिथे गोल उभा राहिला तिथलं अजून जिवंत. मग घासपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, आधी जाड, मग बारीक, आणि प्रत्येक हात रेषेच्या दिशेनं. पोरगा आडवा घासायला लागला तसा ठोकळा त्याच्या हातून काढून घेतला. “आडवा ओरखडा पॉलिशखाली दुप्पट दिसतो.” करडा पडलेला पृष्ठभाग जाऊन खालचा सागाचा तांबूस रंग वर यायला लागला. लाकूड करडं पडतं ते उन्हानं. लाकडाचे धागे धरून ठेवणारा घटक ऊन खातं आणि मग पाणी तो धुऊन नेतं. हे प्राध्यापकांनी जिन्यात सांगितलं होतं. मुकादम म्हणाले, “वरची मेलेली कातडी काढली, बाकी काय.”

खिळ्यांची भोकं बुजवायला त्यांनी एका करवंटीत चॉक पावडर घेतली, त्यात चिमूटभर रामरज, किंचित गेरू, अगदी नखाएवढी काजळी. मळून बोटावर घेतली, लाकडाशेजारी धरली, मान हलवली, आणखी गेरू. दुकानात कॉम्प्युटर हजारो शेड बनवतो. इथे एकच हवी होती आणि ती तिसऱ्या खेपेला जमली. भरल्यावर भोक कुठे होतं ते मला शोधता येईना. पीयूचा पहिला हात त्यांनी थिनर घालून इतका पातळ केला की डब्यातलं अर्धं लाकडानंच प्यायलं. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र दोनदा, तीनदा. “पाणी इथून शिरतं. तोंडातून.” ती टोकं भिंतीकडच्या फटीत होती. कुणाला दिसणार नव्हती, कुणी विचारलंही नसतं.

पैसे देताना मी गॅरंटीचं विचारलं.

“दोन वर्षं.” मग थोडं थांबून, “ऊन सोडून.”

“आणि पाऊस?”

“पाऊस सोडूनच ना, साहेब.” त्यांनी वर पाहिलं. ग्रिलवर दोन कबुतरं बसली होती. “आणि हे सोडून.”

कबुतरांना आमच्या बा रोज सकाळी चणे घालतात आणि त्यांची विष्ठा पॉलिश खाते, हे दोन्ही मुद्दे मी गिळले. ऊन, पाऊस आणि कबुतर वजा केल्यावर डेकवर काय उरतं याचा विचार करत मी पाकीट काढलं. इतकी प्रामाणिक गॅरंटी मला आजवर कुठल्या फ्रिजबरोबरही मिळालेली नाही.

राहता राहिली बादली. भिंतींच्या रंगाची 20 लिटरची रिकामी बादली, झाकणासकट, मजबूत. रंगकामात या वस्तूसाठी जेवढं राजकारण होतं तेवढं पैशासाठी होत नाही. पोरानं ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली होती. कामाच्या मावशींनी त्याआधीच हिच्याकडून शब्द घेतला होता. वॉचमननं गेटवर नियम सांगितला की आत आलेलं सामान पावतीशिवाय बाहेर जात नाही. तिघं बादलीभोवती उभे असताना सेक्रेटरी खाली आले. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि ती सोसायटीच्या नावानं ताब्यात घेतली. आगीच्या वाळूसाठी बादल्या कमी आहेत, फायर ऑडिट तोंडावर आहे.

फक्त ती लाल हवी. त्यांनी गेटबाहेर पडणाऱ्या मुकादमांना हाक मारली, “अहो, एवढी एक बादली लाल करून द्या की जाता जाता.”

मुकादम परत आले. बादली उचलून फिरवून पाहिली, नखानं खरवडली, आणि मग हळूच मान वर करून जिन्याच्या छताकडे बघत राहिले.

“किरकोळ काम आहे, साहेब. असं करू, जिना घ्या.”